मंगळवार ते गुरुवार बेंगळुरू, बाकीचे दिवस कोथरूड

वाचकाचे पत्र : माझे वय ३९ असून मी कोथरूडला, वनाजजवळ राहतो. घरी पत्नी आहे, ती बँकेत नोकरी करते. मुलगी दुसरीत आहे आणि आई ७२ वर्षांची आहे. बेंगळुरूच्या एका कंपनीकडून मला चांगल्या पदाची नोकरी चालून आली आहे. कार्यालय आउटर रिंग रोडवर, बेलंदूरच्या बाजूला आहे. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात हजेरी सक्तीची असून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा आहे. मुलीची शाळा आणि आईचे डॉक्टर पुण्यात असल्याने घर हलवायचे नाही, असे ठरवले आहे. हातात येणारा पगार महिन्याला ७५,००० रुपयांनी वाढेल. जाण्यायेण्याचे विमानभाडे आठवड्याला ९,००० रुपये धरले, तर महिन्याचे ३६,००० जाऊन ३९,००० उरतील. सोमवारी पहाटेच्या विमानाने जाणे बरे की रविवारी संध्याकाळच्या? शुक्रवारी रात्री परतायचे, तर काय काळजी घ्यावी? पत्नी याबाबत काहीच म्हणत नाही.

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुम्ही दोन पर्याय विचारलेत आणि मला त्यांतला एकही पसंत नाही. हजेरी तीन दिवसांची असताना सोमवार ते शुक्रवार, असा पाच दिवसांचा मुक्काम तुम्ही का गृहीत धरलात, हे पत्र दोनदा वाचूनही माझ्या लक्षात आले नाही. ते तीन दिवस कोणते, हे कंपनीने सांगितल्याचा उल्लेख पत्रात नाही आणि तुम्हीही विचारलेले दिसत नाही. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार हे दिवस लेखी ठरवून घेता आले, तर सोमवारचे काम कोथरूडच्या घरातून संपवून संध्याकाळी निघता येईल, गुरुवारी रात्री परतता येईल आणि शुक्रवारी मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडून कामाला बसता येईल. घराबाहेर पाच रात्री काढायच्या की तीन, यावर ही नोकरी तुम्हाला किती दिवस झेपेल हे ठरणार आहे.

मी स्वतः तीन वर्षे दर आठवड्याला पुणे-हैदराबाद ये-जा केली आहे. त्यातले पहिले वर्ष मी सोमवारच्या पहाटेच्या विमानाच्या नादात घालवले. रविवारची रात्र घरी मिळते, हा त्यामागचा हिशेब कागदावर बरोबर होता. प्रत्यक्षात रविवारी रात्री नऊलाच मी सगळ्यांवर चिडचिड करत झोपायला जायचे, पावणेतीनच्या गजराआधी दोनदा उठून घड्याळ पाहायचे आणि सोमवारी दुपारच्या बैठकीत समोरचा माणूस काय बोलतो आहे ते ऐकू येऊनही कळत नसायचे. रविवारी संध्याकाळी निघण्याचे दुखणे वेगळे असते. दुपारचे जेवण झाले की माणसाचे लक्ष बॅगेकडे लागते आणि घरातल्यांना ते दिसते. म्हणजे सुटी दीड दिवसाचीच उरते.

तुमच्या बाबतीत पहाटेच्या विमानाला आणखी एक अडचण आहे. तुम्ही वनाजला राहता, म्हणजे मेट्रोचे टोकाचे स्थानक तुमच्या घराजवळ आहे आणि मार्च २०२४ पासून तीच मेट्रो थेट रामवाडीपर्यंत जाते. तिथून लोहगावचा विमानतळ रिक्षाने किंवा पीएमपीच्या बसने जवळ पडतो. संध्याकाळी कर्वे रस्ता, डेक्कन, बंडगार्डन आणि येरवडा या वाटेने मोटारीत बसून किती वेळ लागेल हे कोणीच सांगू शकत नाही, मेट्रोचा वेळ मात्र ठरलेला असतो. पण ती सकाळी सहाला सुरू होते. सहाचे विमान पकडायचे असेल, तर साडेतीनच्या सुमारास टॅक्सी शोधण्यावाचून गत्यंतर नाही आणि त्या वेळी होकार देऊन ऐनवेळी फिरकला नाही असा चालक एकदा जरी वाट्याला आला, तरी पुढच्या प्रत्येक रविवारी रात्री तोच आठवत राहतो.

विमान हवेत दीड तासाच्या आतबाहेर असते, म्हणून हे अंतर दीड तासाचे आहे असा आपला समज होतो आणि तिथेच घोडे पेंड खाते. घरापासून लोहगावपर्यंत एक तास धरा. देशांतर्गत उड्डाणाचे बॅगा देण्याचे काउंटर साधारण एक तास आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे दार २५ मिनिटे आधी, त्यामुळे विमानतळावर दीड-दोन तास हाताशी ठेवावे लागतात. पुढे प्रवास, उतरून बाहेर पडण्याची पंधरा-वीस मिनिटे आणि मग देवनहळ्ळीचा केम्पेगौडा विमानतळ ते बेलंदूर हे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. गर्दीच्या वेळी हेब्बाळच्या उड्डाणपुलाजवळ आणि पुढे रिंग रोडवर या अंतराला दोन तासही लागतात. एका दाराकडून दुसऱ्या दारापर्यंत सहा तास लागतील, असे समजूनच चाला. उद्यान एक्स्प्रेसला पुण्याहून जवळजवळ वीस तास लागतात आणि रात्रीच्या बसला चौदा-पंधरा, त्या मानाने हे कमीच आहे. पण वेळ वाचवायचा असेल, तर तो या दोन टोकांना वाचतो, आकाशात वाचत नाही.

म्हणून राहण्याची जागा निवडताना कार्यालयाच्या पायी अंतरावर असलेली खोली घ्या, भाडे दोन हजारांनी जास्त पडले तरी चालेल. विमानतळावरून येण्यासाठी बेंगळुरू महानगर परिवहनच्या ‘वायु वज्र’ नावाच्या वातानुकूलित बसगाड्या शहराच्या बहुतेक भागांत जातात, त्यांत सामान ठेवायला जागा असते आणि टॅक्सीच्या तुलनेत भाडे फारच कमी असते. सोमवारी रात्री दहानंतर उतरलात, तर रस्ताही मोकळा असतो. या विमानतळाला दोन टर्मिनल आहेत आणि कंपन्या त्यांत वाटल्या गेल्या आहेत. गुरुवारी परतताना आपले विमान पहिल्या टर्मिनलवरून आहे की दुसऱ्या, हे बसमध्ये चढण्यापूर्वी तिकिटावर पाहा. दर आठवड्याला येणारी माणसे सवयीच्या भरात हमखास चुकीच्या दारात उतरतात. पुण्यात उतरल्यावर ॲपवरची टॅक्सी एअरोमॉल या विमानतळासमोरच्या पार्किंगच्या इमारतीच्या बाजूला येते, तेवढी पायपीट हिशेबात धरा.

आता पैसे. तुम्ही फक्त तिकिटे मोजलीत. त्यात बेंगळुरूची टॅक्सी एका वेळेला १,३०० रुपये धरली, तर महिन्याच्या आठ फेऱ्यांचे १०,४०० होतात. पुण्यातल्या टॅक्सीचे आठ फेऱ्यांचे ४,०००. खोलीचे १४,०००. बाहेरच्या खाण्यापिण्याचा घरखर्चावर पडणारा जादा बोजा ४,०००. तुमचे ३६,००० धरून बेरीज ६८,४०० झाली आणि ७५,००० च्या पगारवाढीतले ६,६०० उरले. एवढ्यासाठी दर आठवड्याला दोन राज्ये ओलांडायची का, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. पद आणि पुढची वाट यांसाठी नोकरी घ्यायची असेल, तर ते कारण माझ्या मते पैशांपेक्षा भक्कम आहे, पण मग घरातही तेच सांगा. जास्तीच्या पैशांचे नाव पुढे करू नका. मंगळवार ते गुरुवारचा बेत जमला, दोन्हीकडे बस आणि मेट्रो वापरली, कार्यालयातल्याच कोणाबरोबर खोली वाटून घेतली आणि तिकिटे वेळेवर काढली, तर हाच खर्च माझ्या अंदाजाने ४७-४८ हजारांवर येतो आणि हातात २७ हजारांच्या आसपास राहतात.

एक करविषयक गैरसमजही आधीच दूर झालेला बरा. घरापासून नोकरीच्या ठिकाणी जाण्याचा खर्च पगारदार माणसाला उत्पन्नातून वजा करता येत नाही, मग तो लोकलच्या पासाचा असो की विमानाचा. कंपनी तिकिटांचे पैसे देणार असेल, तर ती रक्कम पगारातच धरून तिच्यावर कर कापला जाईल का, हे नियुक्तीपत्र येण्याआधी विचारून घ्या. खोलीच्या भाड्यावर घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची असेल, तर ती जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. कोणती प्रणाली तुम्हाला फायद्याची, हे आपल्या सीएला आकडे देऊन ठरवा.

तिकिटांच्या बाबतीत माझी पद्धत साधी होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी चहा घेता घेता मी पुढच्या सहा ते आठ आठवड्यांची तिकिटे एकदम काढत असे. देशांतर्गत प्रवासात जाण्यायेण्याचे तिकीट एकत्र घेतल्याने सहसा काही वाचत नाही, म्हणून जाणे एका कंपनीचे आणि येणे दुसरीचे, असे सुटे घेतलेले चांगले. त्यातले एक बदलावे लागले, तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. सोमवारी रात्री जाणे आणि गुरुवारी परतणे याचा आणखी एक लाभ असा की, शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ या दोन वेळांना सगळे जग प्रवास करत असते आणि भाडेही त्याप्रमाणे चढते. गणपती, दिवाळी आणि नाताळाच्या आठवड्यांची तिकिटे मात्र तारखा कळताच काढा. त्या वेळी बेंगळुरूतली अर्धी मराठी मंडळी पुण्याच्या विमानात बसलेली असते.

गुरुवारी परतताना शेवटचे विमान घेऊ नका, त्याच्या आधीचे घ्या, मग त्यासाठी पाचला कार्यालय सोडावे लागले तरी चालेल. एकच विमान दिवसभर पाच-सहा फेऱ्या करते आणि सकाळचा उशीर साचत साचत रात्रीच्या फेरीवर येऊन पडतो. शेवटचे उड्डाण रद्द झाले, तर त्या रात्री दुसरे काही नसते. आधीचे रद्द झाले, तर निदान शेवटचे असते. एप्रिल-मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बेंगळुरूला संध्याकाळी विजांचा पाऊस होतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके असते, त्याचा फटका सकाळच्या विमानांना बसतो. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीविषयीचे नवे नियम आणि कर्मचाऱ्यांची अपुरी तजवीज यांमुळे देशभर रोज शेकडो उड्डाणे रद्द होत होती आणि दोन दोन दिवस माणसे विमानतळावर बसून होती, हे आपण सर्वांनी पाहिले. असा दिवस तुमच्याही वाट्याला येईल असे धरून चाला. त्यासाठी बेंगळुरूच्या खोलीची एक किल्ली खिशात असू द्या, रात्रीच्या बसचे ॲप फोनमध्ये ठेवा आणि ऐनवेळच्या महागड्या तिकिटासाठी पंधरा हजार रुपये वेगळ्या खात्यात ठेवा.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे याबाबतचे नियम थोडक्यात ठाऊक असू द्यावेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल, तर वेळेवर पोहोचलेल्या प्रवाशांना कंपनीने खाणेपिणे द्यायचे असते. उशीर सहा तासांहून जास्त असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांतला पर्याय मागता येतो. सुटण्याच्या वेळेपूर्वी २४ तासही न कळवता उड्डाण रद्द केले, तर तुमच्यासारख्या एक ते दोन तासांच्या प्रवासासाठी ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतली कमी असेल ती रक्कम भरपाई म्हणून मिळू शकते. हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल, तर भरपाई मिळत नाही. काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा कारण लेखी मागणे उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

सामान शक्य तितके कमी न्या, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी म्हणेन, सामान नेऊच नका. चार शर्ट, दोन पँट, एक जादा चष्मा, चार्जर, चपला, टॉवेल आणि औषधांचा एक संच बेंगळुरूच्या खोलीत कायमचा ठेवा आणि मळलेले कपडे तिथेच धुवायला टाका. खांद्यावरच्या पिशवीत लॅपटॉप आणि डबा, बस. हातातल्या सामानाची मर्यादा सहसा सात किलोची असते आणि बॅग खाली द्यायची नसली, की उतरल्यावर पट्ट्यापाशी उभे राहण्याची वीस मिनिटेही वाचतात. पॉवर बँक खाली देण्याच्या बॅगेत चालत नाही, ती जवळच ठेवावी लागते. चेहरा ओळखून आत सोडणारी ‘डिजियात्रा’ सेवा पुणे आणि बेंगळुरू या दोन्ही विमानतळांवर आहे, तिची नोंदणी आजच करून टाका. सोमवारी संध्याकाळच्या रांगेत तिचा उपयोग कळेल. घरचा खाऊ न्यायचाच असेल, तर चिवडा, लाडू, थालीपीठ चालते. सुके खोबरे आणि लोणचे यांवर सुरक्षा तपासणीत अडवतात. माझ्या सासूबाईंनी दिलेली मिरचीच्या लोणच्याची बरणी अशीच एकदा तपासणीच्या टेबलावर राहिली आणि ते त्यांना कळू नये म्हणून मी हैदराबादहून विकतचे लोणचे आणून वर्षभर त्याचे कौतुक केले.

प्रकृतीबद्दल फार लिहीत नाही. सर्दी झाली असताना विमान उतरू लागले की कान दुखतात, तेव्हा तो आठवडा घरूनच काम करण्याची परवानगी मागा. विमानतळावरच्या डोशावर आणि कॉफीवर आठवड्यातली दोन जेवणे काढली, तर चार महिन्यांत पित्त सुरू होते. सोमवारी संध्याकाळी घरून पोळीभाजी खाऊनच निघा.

पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही शेवटी लिहिलेत, तेही तिकिटांच्या हिशेबानंतर. पत्नी काहीच म्हणत नाही, याचा अर्थ त्यांची हरकत नाही असा तुम्ही लावला असेल, तर तो बदला. तुम्ही तिथे असताना सकाळी मुलीचा डबा, आईची रक्तदाबाची गोळी, बँकेची वेळ, गॅस सिलिंडर घेऊन येणारा माणूस आणि अचानक बिघडलेला गीझर हे सगळे एकाच व्यक्तीच्या अंगावर येणार आहे. तुमचा थकवा दिसतो, कारण त्याला विमानाचे तिकीट असते. घरी राहणाऱ्याचा थकवा मोजायला काही साधन नसते. त्यांना ‘तुला चालेल ना?’ असे विचारू नका, त्या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय उत्तर देता येत नाही. मंगळवार ते गुरुवार या तीन दिवसांत घरात काय काय घडते, ते तासातासाने दोघांनी मिळून कागदावर लिहा आणि त्यातले काय तुम्ही बेंगळुरूत बसून करू शकता, ते वेगळे काढा. वीजबिल, शाळेचे संदेश, सोसायटीचा पत्रव्यवहार, किराणा मागवणे, आईच्या डॉक्टरांची वेळ घेणे, ही सगळी कामे फोनवरून होतात आणि ती तुमच्याकडे आली, तर तीन रात्री दूर असूनही तुम्ही घरात असता. जे फोनवरून होत नाही, त्यासाठी सकाळ-संध्याकाळ दोन तास मदतीला कोणी ठेवावे लागेल. तो पगारही वरच्या हिशेबात धरा.

मुलीशी बोलण्याची वेळ एकच ठेवा, जेवणानंतर आणि झोपण्याआधी, आणि त्या वेळी बैठक आली तर बैठकीतून उठा. ‘आज शाळेत काय केलेस?’ या प्रश्नाला सात वर्षांची मुले ‘काही नाही’ असे उत्तर देतात. माझ्या मुलाशी मी फोनवर रोज गोष्टीच्या पुस्तकाचे एक पान वाचत असे, एक पुस्तक घरी आणि तेच माझ्या खोलीवर. पान उलटल्याचा आवाज दोन्हीकडून यायला हवा, अशी त्याची अट होती. आणि शुक्रवारी घरी असाल, तेव्हा पाहुण्यासारखे वागू नका, तपासनीसासारखे तर मुळीच नको. तीन दिवसांत घराने आपली घडी बसवलेली असते, ती आल्या आल्या विस्कटण्याचा मोह आवरा.

आईच्या बाबतीत शेजारच्या एका घरी आपली किल्ली, डॉक्टरांचा क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव लिहून ठेवा. रात्री अकराला फोन आला, तर तुम्ही लवकरात लवकर दुसऱ्या दिवशी सकाळीच पोहोचू शकता. हे पत्नीला आणि आईला आधीच स्पष्ट माहीत असले पाहिजे, कारण ‘मी लगेच येतो’ हे आश्वासन तुम्ही पाळू शकणार नाही.

आणखी एक, याला मुदत घाला. ‘बघू कसे जमते ते’ म्हणून सुरू झालेली ये-जा मी लोकांना सात-सात वर्षे करताना पाहिले आहे, आणि ती त्यांनी कधी ठरवून केली नव्हती. खोलीचा करार अकरा महिन्यांचा असतो, तीच तुमची पहिली मुदत असू द्या. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आणि नवव्या महिन्याच्या शेवटी दोघांनी बसून बोलायचे, आणि त्या दिवशी ‘बंद करूया’ असे पत्नीने म्हटले, तर कारण विचारायचे नाही, हे आधीच मान्य करा.

कंपनीला पाठवायच्या ईमेलमध्ये तीन गोष्टी विचारा : हजेरीचे तीन दिवस मंगळवार, बुधवार, गुरुवार असे नियुक्तीपत्रात लिहून मिळतील का, उड्डाण रद्द झाल्यास त्या दिवशी घरून काम केलेले चालेल का, आणि हजेरी पाच दिवसांची झाली, तर किती महिने आधी कळवतील. उत्तर येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. आणि तो ईमेल पाठवण्याआधी पत्नीला वाचायला द्या. चौथा प्रश्न कदाचित त्या सुचवतील.